तलअत हर्ब : कपाशीच्या महल्ल्यात गिरणी उभारणारा माणूस



मोहल्ला हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. अरबी भाषेतून तो फारसी-उर्दूत आला आणि तेथून मराठीत येऊन आपल्या गल्लीबोळांत कायमचा वस्तीला राहिला. पण इजिप्त, म्हणजे आपले वाडवडील ज्याला मिसर म्हणत त्या देशात, एका गावाचे नावच मुळी अल-महल्ला अल-कुब्रा असे आहे. अर्थ सरळ आहे, मोठा मोहल्ला. नाईल नदी समुद्राला मिळण्यापूर्वी दोन फाट्यांत विभागते. त्या दोन फाट्यांमधल्या सपाट, गाळाच्या, सोन्यासारख्या जमिनीवर हे गाव वसलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी ते चारी बाजूंनी कपाशीच्या शेतांनी वेढलेले, आठवड्याच्या बाजाराचे आणि हातमागांच्या खटखटाटाचे गाव होते. आज तेथे पाच लाखांच्या आसपास माणसे राहतात आणि कापडगिरण्यांचे शहर म्हणून साऱ्या अरब जगात त्याची ओळख आहे.

गाव आपोआप शहर होत नाही. त्यामागे पैसा लागतो, विद्या लागते, यंत्रे लागतात आणि हजारो माणसांचा घाम लागतो. महल्ल्याच्या बाबतीत हे सारे एकत्र आणणारा जो माणूस होता, त्याची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे. त्यांचे नाव मुहम्मद तलअत हर्ब. ते राजघराण्यातले नव्हते, सेनापती नव्हते, यंत्रविशारदही नव्हते. कायद्याचे शिक्षण घेतलेले, नोकरी करता करता हिशेब आणि व्यापार शिकलेले ते एक मध्यमवर्गीय गृहस्थ होते. म्हणूनच त्यांचे चरित्र आपल्यासारख्यांनी वाचण्याजोगे आहे.

जन्म आणि शिक्षण

तलअत हर्ब यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८६७ रोजी कैरो शहराच्या जुन्या जमालिया भागात झाला. घराणे मूळचे खेड्यातले. वडील सरकारी रेल्वेत नोकरीला होते. घरची श्रीमंती नव्हती, पण मुलाला शिकवायचे हा निश्चय होता. लहानपणी त्यांनी कुरआन पाठ केले, पुढे कैरोतच माध्यमिक शिक्षण घेतले आणि नंतर कायद्याच्या विद्यालयात प्रवेश मिळवला. तेथून १८८९ मध्ये ते पदवीधर होऊन बाहेर पडले. अरबीबरोबर फ्रेंच भाषेवरही त्यांनी प्रभुत्व मिळवले होते.

ते १४ वर्षांचे असताना, १८८२ मध्ये, इंग्रजांच्या फौजांनी इजिप्तचा ताबा घेतला. आपला देश परक्याच्या हाती कसा गेला, हा प्रश्न त्या पिढीतील प्रत्येक विचारी तरुणाला पडला होता. पुष्कळांनी त्याचे उत्तर राजकारणात शोधले. तलअत हर्ब यांनी ते हिशेबाच्या वहीत शोधले.

कापूस आपला, कापड परक्याचे

वाचकहो, त्या वहीत काय होते ते थोडे पाहू या, कारण त्यातील एक पान आपल्याही देशाचे आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. त्या वेळी दोन ठिकाणच्या कापसाला सोन्याचा भाव आला. एक आपला हिंदुस्थान आणि दुसरा इजिप्त. मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तो ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. इजिप्तमध्येही तसेच घडले. भाव चढले तेव्हा तेथील राज्यकर्त्यांनी कालवे, रेल्वे, राजवाडे यांवर कर्ज काढून खर्च केला. भाव उतरले, पण कर्ज उतरले नाही. १८७५ मध्ये सुएझ कालव्यातील आपले भाग इजिप्तला इंग्लंडच्या सरकारला विकावे लागले. पुढच्याच वर्षी तिजोरीच्या किल्ल्या युरोपीय सावकारांच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. फौज त्यानंतर सहा वर्षांनी आली. म्हणजे आधी वही गेली आणि मग देश गेला.

इंग्रजी अमलात कालवे सुधारले, कापसाचे पीक वाढले, देशाच्या निर्यातीत दहापैकी आठ-नऊ हिस्से एकट्या कापसाचे झाले. परंतु हा कापूस गासड्या बांधून अलेक्झांड्रिया बंदरातून परदेशी जाई आणि त्याचेच सूत व कापड होऊन परत येई. शेतकरी आपल्याच शेतातला कापूस अंगावर घालताना त्यात परक्या देशातल्या कातणाऱ्याची, विणणाऱ्याची, रंगाऱ्याची, जहाजवाल्याची आणि विमेवाल्याची मजुरी चुकवीत असे.

मग तेथेच गिरण्या का निघाल्या नाहीत, असे तुम्ही विचाराल. एक-दोन निघाल्या. पण परदेशी मालावर जेवढी ८ टक्के जकात होती, तेवढाच ८ टक्के कर १९०१ मध्ये देशात तयार होणाऱ्या गिरणीच्या कापसाच्या मालावर बसविण्यात आला. हेतू असा की, लँकेशायरच्या मालाला अडचण होऊ नये. हीच तऱ्हा आपल्याकडेही होती. मुंबई, सोलापूर, नागपूर येथील गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के उत्पादन कर होता आणि त्याची वसुली १९२५ च्या अखेरीस थांबली. नाईलच्या काठी काय आणि मुंबईत काय, हिशेब एकच होता.

नोकरीतून मिळालेली विद्या

पदवी मिळाल्यावर तलअत हर्ब यांनी राजघराण्याच्या जमिनींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्यात भाषांतरकार म्हणून नोकरी धरली. हळूहळू ते तेथील कज्जे-खटल्यांच्या शाखेचे प्रमुख झाले. जमिनीचे दस्त, गहाणखते, सावकारांचे दावे हे सारे त्यांच्या नजरेखालून गेले. १९०५ मध्ये त्यांच्याकडे कोम ओंबो कंपनीच्या कैरो येथील कारभाराची सूत्रे आली. ही कंपनी वरच्या इजिप्तमधील ओसाड जमीन पंपाच्या पाण्याने भिजवून उसाखाली आणत होती. भांडवल परदेशी व देशातील ज्यू व्यापारी घराण्यांचे होते. मोठी कंपनी कशी चालते, भाग कसे विकतात, ताळेबंद कसा मांडतात आणि पडीक जमिनीवर वस्ती कशी उभी राहते, हे त्यांनी येथे जवळून पाहिले.

१९०७ मध्ये इजिप्तमध्ये आर्थिक संकट आले. परदेशी बँकांनी कर्जे आखडली आणि देशी व्यापारी व जमीनदार कोलमडले. त्या वेळी देशात बँका होत्या, पण त्यांची मालकी, भाषा आणि मर्जी परक्यांची होती. १९१० मध्ये सुएझ कालवा कंपनीचा करार १९६८ च्या पुढे आणखी ४० वर्षे वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तलअत हर्ब यांनी आकडेवारीसह पुस्तक लिहून त्यातील तोटा देशबांधवांना समजावून दिला. तो प्रस्ताव फेटाळला गेला. १९११ मध्ये त्यांनी दुसरे पुस्तक लिहिले. देशाचा आर्थिक आजार कोणता आणि त्यावर इलाज काय, हा त्याचा विषय. इलाज असा की, देशातील लोकांच्या पैशाने चालणारी बँक काढावी आणि त्या बँकेने देशात उद्योग उभारावेत.

त्या वेळी पुष्कळ जण हसले. इजिप्तच्या जमीनदाराचा पैसा एक तर जमिनीत, नाही तर दागिन्यांत, नाही तर लग्नकार्यात. तो कागदाच्या भागात पैसा घालील काय? पालकहो, ही शंका तुम्हांला ओळखीची वाटत असेल.

मिसरची बँक

१९१९ मध्ये साद झगलूल यांच्या नेतृत्वाखाली इजिप्तमध्ये स्वातंत्र्याचे मोठे आंदोलन उसळले. शहरे, खेडी, मुसलमान आणि ख्रिस्ती सारे त्यात उतरले. लोकांचा उत्साह ओसरण्यापूर्वी त्याला काही तरी टिकाऊ रूप द्यावे, हे तलअत हर्ब यांनी ओळखले. भाग विकत घ्या म्हणून ते व त्यांचे सहकारी जमीनदारांकडे आणि व्यापाऱ्यांकडे फिरले. ८० हजार पौंडांचे भांडवल जमले. प्रत्येकी ४ पौंडांचे २० हजार भाग. ७ मे १९२० रोजी बँक मिसर सुरू झाली. भागधारक इजिप्तचेच नागरिक असावेत असा नियम होता. संचालकांत मुसलमान होते, ख्रिस्ती होते, ज्यूही होते. अध्यक्ष अहमद मिदहत यकन पाशा, आणि प्रत्यक्ष कारभार तलअत हर्ब यांच्याकडे.

या बँकेचे हिशेब आणि पत्रव्यवहार अरबी भाषेत होत. इतर बँकांत फ्रेंच, इंग्रजी, इटालियन चाले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण ज्याला पावती वाचता येत नाही तो माणूस बँकेच्या दारात भीतभीतच उभा राहतो. मातृभाषेतून हिशेब सुरू होताच सामान्य दुकानदार आत आला. शाळकरी मुलांत बचतीच्या पेट्या वाटण्याची कल्पनाही त्यांचीच. पै-पैशाची सवय लहानपणीच लागते, हे त्यांना ठाऊक होते.

व्याजाचा प्रश्न तेथेही निघाला होता. त्याबाबत विद्वानांत तेव्हाही मतभेद होते आणि आजही आहेत. त्या चर्चेचे हे स्थळ नव्हे. तलअत हर्ब यांचा रोख असा होता की, पैसा पेटीत निजवून ठेवू नये, तो कामाला लावावा, म्हणजे त्यावर चार माणसांचे पोट भरेल.

बँकेने नफा नुसता वाटून टाकला नाही. १९२२ मध्ये छापखाना निघाला, १९२४ मध्ये कापसाची सरकी काढणारी जिनिंग कंपनी, त्यानंतर मालवाहतूक, चित्रपट, रेशीम, मासेमारी, १९३२ मध्ये विमान कंपनी आणि १९३४ मध्ये विमा कंपनी. १९३५ मध्ये कैरोत स्टुडिओ मिसर उभा राहिला आणि अरबी चित्रपटांना घर मिळाले. हजच्या यात्रेकरूंसाठी झमझम आणि कौसर ही जहाजे चालू लागली. मुंबईच्या बंदरातून १९९५ पर्यंत हजची जहाजे सुटत. ज्यांच्या घरातील वडीलधारी माणसे त्या जहाजांतून गेली आहेत, त्यांना स्वतःच्या देशाच्या जहाजाचे मोल वेगळे सांगायला नको.

महल्लाच का?

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. १९२७ मध्ये ३ लाख पौंडांच्या भांडवलावर मिसर सूतगिरणी व कापडगिरणी कंपनी स्थापन झाली आणि तिच्यासाठी महल्ला हे ठिकाण निवडण्यात आले. राजधानी कैरो किंवा बंदर अलेक्झांड्रिया सोडून आडबाजूचे गाव का निवडले?

विद्यार्थ्यांनो, भूगोलाच्या तासाला कारखान्याच्या जागेची कारणे तुम्ही पाठ करता. ती येथे ताडून पाहा. कच्चा माल : गावाच्या वेशीपासूनच कपाशीची शेते. हवा : नाईलच्या मुखाजवळची दमट, त्यामुळे धागा तुटण्याचे प्रमाण कमी. वाहतूक : रेल्वे होती. पाणी : कालवे होते. मजूर : भोवताली दाट वस्तीची खेडी, जेथे शेताचे तुकडे होत होत एका कुटुंबाचे पोट भरेनासे झाले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कसब. महल्ल्यात शेकडो वर्षांपासून कापड आणि रेशीम विणले जात होते. तेथील मुलाला ताणा आणि बाणा वेगळा शिकवावा लागत नव्हता.

तरीही अडचणी होत्या. इजिप्तचा कापूस लांब धाग्याचा, मऊ आणि महाग. तो तलम कापडाला उत्तम. पण खेड्यातल्या माणसाला लागे जाडेभरडे, स्वस्त कापड. पिकाची जात शुद्ध राहावी म्हणून बाहेरचा कापूस आणण्याला १९१६ पासून मनाई होती. तेव्हा महाग कापसाचे स्वस्त कापड करावे लागे आणि त्यात जपान व इंग्लंड यांच्या मालाशी झुंजावे लागे. सुटका झाली ती १९३० मध्ये. जुने व्यापारी करार संपले, जकात ठरवण्याचा अधिकार इजिप्तकडे परत आला आणि परदेशी कापडावर वाढीव जकात बसली. त्याच सुमारास महल्ल्याची चाके फिरू लागली. योगायोग म्हणा किंवा दूरदृष्टी म्हणा, गिरणी बांधून तयार होती तेव्हाच दार उघडले.

यंत्रे युरोपातून आली. ती चालवायला आरंभी परदेशी तंत्रज्ञही आले. पण तलअत हर्ब यांनी आणखी एक गोष्ट केली. बँकेच्या खर्चाने त्यांनी इजिप्तचे तरुण युरोपात शिकायला पाठवले. कोणी सूतकताई शिकला, कोणी रंगकाम, कोणी हिशेब तपासणी. यंत्र विकत घेता येते, पण ते बिघडल्यावर दुरुस्त करणारा माणूस घडवावाच लागतो.

गाव शहर झाले, पण कसे?

येथपर्यंतची कथा यशाची आहे. पण खऱ्या चरित्रात केवळ यश सांगून भागत नाही. महल्ला शहर झाले ते कोणाच्या जिवावर, हेही पाहिले पाहिजे.

गिरणीला हजारो हात हवे होते. ते आले आसपासच्या खेड्यांतून. काल नांगरामागे चालणारा पोरगा आज भोंग्याच्या आवाजाने उठू लागला. शेतात सूर्य पाहून काम करावयाचे, येथे घड्याळ पाहून. उशीर झाला की दंड, धागा तुटला की दंड, मुकादमाच्या तोंडाला तोंड दिले की दंड, प्रसंगी मारही. पाळी लांबलचक असे. गावात एवढ्या माणसांना राहायला घरे नव्हती. एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा जण भाड्याने राहत. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच्याच चटईवर रात्रपाळीचा येऊन आडवा होई. सुटीच्या दिवशी घरी जाऊन आठवड्याच्या भाकऱ्या बांधून आणत. धूळ, कापसाचे तंतू आणि कोंदट खोल्या यांमुळे छातीचे आजार जडत.

मूळचे गावकरी आणि हे बाहेरून आलेले गिरणीवाले यांच्यात आरंभी वैरही होते. गावकऱ्यांना वाटे, ही खेडवळ माणसे आली आणि भाडी वाढली, गावाची रीत बिघडली. हातमागवाल्यांना वाटे, गिरणीच्या स्वस्त कापडाने आपला धंदा बसला. गिरणीवाल्यांना वाटे, येथे आपले कोणीच नाही. गल्लीबोळांत मारामाऱ्या होत. मग वर्षे गेली. खोलीवाल्याची मुलगी गिरणीवाल्याच्या घरी नांदू लागली, चहाची दुकाने वाढली, खानावळी निघाल्या, हातमागवाल्यांच्या मुलांनी लहान लहान यंत्रमाग घातले. १९३६ मध्ये गिरणीचा फुटबॉल संघ निघाला आणि सामन्याच्या दिवशी गावकरी व गिरणीवाले एकाच संघासाठी ओरडू लागले. पुढे १९७३ मध्ये याच संघाने इजिप्तच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवले. १९४७ च्या जनगणनेपर्यंत गावाची वस्ती एक लाखाच्या वर गेली होती. एकट्या गिरणीत २५ हजारांहून अधिक कामगार होते.

१९३८ च्या जुलै महिन्यात महल्ल्याच्या विणकरांनी संप केला. मागणी होती मजुरीचा दर वाढवण्याची आणि आठ तासांच्या पाळीची. तलअत हर्ब यांच्या दृष्टीने ही गिरणी म्हणजे देशाची सेवा होती, आणि सेवेत संप कसला? पण विणकराच्या दृष्टीने मालक स्वदेशी असला म्हणून अकरा तास हे आठ होत नव्हते. संप मोडण्यात आला आणि कित्येक कामगारांना तुरुंगात जावे लागले. देशप्रेमाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेतही गरिबाचे गाऱ्हाणे ऐकणारा कान लागतो, हा धडा त्या वेळी कोणी घेतला नाही. १९४७ मध्ये पुन्हा मोठा संप झाला. कामगारांसाठी घरे, दवाखाना, मैदान या सोयी पुढे वाढल्या, त्यामागे या संघर्षांचाही वाटा होता.

एक उणीव

तलअत हर्ब यांच्या विचारातील आणखी एक उणीव येथे सांगितली पाहिजे. १८९९ मध्ये कासिम अमीन या लेखकाने स्त्रियांच्या शिक्षणाची व मोकळीकीची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले, तेव्हा त्याला विरोध करणारे पुस्तक तरुण तलअत हर्ब यांनी लिहिले. स्त्रीचे स्थान घरात आहे आणि तिचे शिक्षण घरापुरते असावे, असा त्यांचा कल होता. पुढचा काळ मात्र वेगळ्या वाटेने गेला. त्यांनीच उभ्या केलेल्या गिरणीत हजारो स्त्रिया कामाला लागल्या. डिसेंबर २००६ मध्ये ठरलेला बोनस मिळाला नाही, तेव्हा शिवण खात्यातील सुमारे तीन हजार स्त्रियांनी प्रथम काम थांबवले, त्या गिरणीच्या आवारात फिरल्या आणि पुरुष कामगार त्यांच्यामागून बाहेर आले. ज्यांच्या हाती तलअत हर्ब यांनी केवळ घराच्या किल्ल्या ठेवल्या होत्या, त्यांनीच शंभर वर्षांनी कामगारांना वाट दाखवली. मोठ्या माणसाची थोरवी मान्य करून त्याची चूकही पाहता आली पाहिजे. आदराला त्याने बाध येत नाही.

अखेरचे दिवस

बँकेचा कारभार वाढत गेला तसा एक धोकाही वाढत गेला. लोकांच्या ठेवी मागताक्षणी परत द्याव्या लागतात, पण त्या पैशाने उभारलेली गिरणी मागताक्षणी विकता येत नाही. ठेवींचा पैसा कारखान्यांत अडकला होता. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. घाबरलेल्या लोकांनी बँकेपुढे रांगा लावल्या. टपाल खात्याच्या बचत बँकेनेही आपल्या ठेवी काढून घेतल्या. बँक बुडण्याच्या बेतात आली. सरकारने मदत देण्याची तयारी दाखवली, पण त्यासाठी तलअत हर्ब यांनी पद सोडावे लागणार होते. त्यांनी पद सोडले. बँक वाचली. वीस वर्षे ज्या खोलीत बसून त्यांनी गिरण्या, जहाजे आणि विमाने उभी केली, त्या खोलीतून ते निघून गेले. ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९६० मध्ये बँक आणि महल्ल्याची गिरणी या दोन्ही सरकारी मालकीच्या झाल्या. पुढच्या काळात जुनी यंत्रे, स्वस्त परदेशी माल आणि घटलेले कपाशीचे क्षेत्र यांनी गिरणीला ग्रासले. अलीकडच्या वर्षांत जुन्या यंत्रांच्या जागी नवी यंत्रे बसवण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे. कैरोच्या मध्यवस्तीत एका चौकाला तलअत हर्ब यांचे नाव आहे आणि १९६४ पासून तेथे त्यांचा पुतळा उभा आहे. पूर्वी त्या चौकाला एका सेनापतीचे नाव होते.

आपल्यासाठी

वाचकहो, ही दूरदेशीची कथा आपल्या स्मरणिकेत कशासाठी? कारण महल्ला आपल्यापासून वाटते तितके दूर नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही आपलीच गावे. तेथेही माग आहेत, धूळ आहे, दिवसपाळी आणि रात्रपाळी आहे, आणि एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसेही आहेत. या गावांतील कित्येक घरांत दरवर्षी जूनमध्ये एकच प्रश्न निघतो. पोराला शाळेत ठेवायचे की मागावर घालायचे? मागावर घातला तर या आठवड्याला पैसे मिळतात. शाळेत ठेवला तर अनेक वर्षे पदरचे जातात. घरात आजारपण असेल, डोक्यावर देणे असेल, तर हा प्रश्न सोपा नाही, आणि बाहेरच्याने उपदेश करणे फार सोपे आहे.

तरी तलअत हर्ब यांच्या वडिलांचा विचार करा. रेल्वेतील नोकरदार माणूस. मुलाला लवकर नोकरीला चिकटवणे त्यांनाही शक्य होते. त्यांनी त्याला कायद्याच्या विद्यालयापर्यंत जाऊ दिले. ज्या पिढीला कापूस पिकवता येत होता पण करारपत्र वाचता येत नव्हते, तिचा देश गेला. ज्या पिढीला करारपत्र वाचता आले, तिने गिरणी उभारली. आणि ज्या कामगारांना पुढे आपला पगार, आपले तास आणि आपले हक्क लिहून मागता आले, त्यांनी त्या गिरणीला माणुसकी शिकवली. पायरीपायरीने घडलेल्या या प्रवासात शाळेची पायरी कोणालाच गाळता आलेली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, माग चालवणे हे हलके काम नाही. पण मागाचा सुटा भाग कोठे बनतो, रंगात कोणते रसायन पडते, सुताचा भाव कोण ठरवतो, बँकेचे कर्ज कोणत्या अटीवर मिळते, कामगाराचा विमा कसा भरतात, हे ज्याला कळते तो त्याच गावात राहून दहा जणांना उभे करू शकतो. मुलींनो, हे तुमच्यासाठीही तितकेच आहे. हिशेबाची वही आणि प्रयोगशाळेची नळी तुमच्या हाती येण्याची वाट गावाने आता पाहू नये.

आणि पालकहो, बँक मिसरचा भाग ४ पौंडांचा होता. वीस हजार भागांतून ती उभी राहिली. शिक्षण संस्थाही अशीच उभी राहते. एखादा एका खोलीची देणगी देतो, दुसरा पुस्तकांची पेटी देतो, तिसरा एका गरीब मुलाची फी भरतो. ज्याच्याजवळ पैसा नाही तो आपले मूल रोज वेळेवर शाळेत पाठवतो. हा त्याचा भाग, आणि तो कोणाच्याही भागाहून लहान नाही.